शार्लटला शिफ्ट होताय? एरियाच्या नावावर जाऊ नका, घराचा पत्ता तपासा

"शार्लटला मूव्ह होतोय, कुठला एरिया चांगला?" हा प्रश्न इथल्या देसी ग्रुपवर इतक्यांदा येतो की उत्तरंसुद्धा आता पाठ झालीत. कोणी म्हणतं डोळे झाकून बॅलंटाइन घ्या, कोणी म्हणतं छे हो, वॅक्सहॉच्या शाळा बघा आधी, कोणी फोर्ट मिलचा टॅक्स सांगतं आणि कॉनकॉर्डवाला तेवढ्याच पैशात केवढं घर आलं म्हणून बॅकयार्डचे फोटो टाकतो. खोटं कोणीच बोलत नसतं. फक्त जो तो आपल्या ऑफिसवरून, आपल्या पोरांच्या वयावरून आणि आपल्या व्हिसावरून बोलत असतो, आणि त्यातलं तुमच्याशी काहीच जुळत नसेल तर तो सल्ला घेऊन करायचं काय.

नॉर्थ कॅरोलायनातल्या या शहरात एरियाच्या नावावरून फार कमी कळतं. रस्त्याच्या या बाजूला एक हायस्कूल आणि त्या बाजूला दुसरं, मधून काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, हद्द जाते, दक्षिणेला तर चक्क राज्याची हद्द जाते. म्हणून खाली जे लिहिलंय ते "हे पाच एरिया बेस्ट" अशा थाटाचं नाहीये. कुठलाही पत्ता हातात आला की तो कसा तपासायचा, आणि कुठल्या क्रमाने, ते सांगते. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

आधी शहराचा आकार डोक्यात बसवा

२०१०च्या जनगणनेत शार्लट ७ लाख ३१ हजारांचं होतं, २०२० मध्ये ८ लाख ७४ हजारांचं झालं, आणि आजूबाजूची गावं तर त्याहून जोरात वाढली. बँकांचं शहर. बँक ऑफ अमेरिका आणि ट्रुइस्ट यांची मुख्यालयं इथे, वेल्स फार्गोचा भलामोठा पसारा इथे, त्यामुळे आपली आयटीवाली मंडळी बहुतेक बँकेच्या नाहीतर बँकेसाठी काम करणाऱ्या कन्सल्टन्सीच्या मार्गाने येतात.

मधोमध अपटाउन, म्हणजे इतर शहरांत ज्याला डाउनटाउन म्हणतात ते. त्याच्याभोवती आय-२७७चा छोटा फेरा आणि बऱ्याच लांबून आय-४८५चा मोठा फेरा, साधारण ६७ मैलांचा, जो २०१५ मध्ये एकदाचा पूर्ण झाला. अपटाउनपासून दक्षिणेला निघालात की मायर्स पार्क, साउथपार्क आणि पार टोकाला बॅलंटाइन, हा पैसेवाल्यांचा पट्टा. पश्चिम, उत्तर आणि पूर्व बाजूला त्याला वळसा घालून कमी उत्पन्नाच्या वस्त्यांची कमान. ही विभागणी आपोआप झालेली नाही. १९३०च्या दशकात कर्ज कुठे द्यायचं नाही याचे नकाशे रंगवले गेले, १९६०च्या दशकात अपटाउनमधलीच ब्रुकलिन नावाची अख्खी कृष्णवर्णीय वस्ती पाडली, आणि शाळांमधलं वर्णविभाजन मोडायला बसने मुलं दुसरीकडच्या शाळेत न्यायची की नाही याचा १९७१चा सुप्रीम कोर्टाचा गाजलेला निकाल याच शहराच्या केसमधला. गरीब घरातलं मूल मोठेपणी वर चढण्याची शक्यता किती, यावर २०१४ मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, त्यात देशातल्या ५० मोठ्या शहरांत शार्लट पन्नासावं. हे सगळं कशाला सांगतेय, तर "वेस्ट साइड खराब आहे" हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ऐकवेल, ते ऐकताना एवढं माहीत असू द्या. त्याच वेस्ट साइडच्या वेस्ली हाइट्समध्ये आज घरांच्या किमती बघून डोळे फिरतात.

आता कडेची गावं. उत्तरेला हंटर्सव्हिल, कॉर्नेलियस, डेव्हिडसन, लेक नॉर्मनच्या काठाची. यांचा बराचसा भाग शार्लटच्याच मेक्लेनबर्ग काउंटीत आहे, म्हणजे शाळाही शार्लटच्याच डिस्ट्रिक्टमध्ये, हे खूप जणांना माहीतच नसतं. त्याच्यापुढे मूर्सव्हिल, ती आयर्डेल काउंटी. ईशान्येला युनिव्हर्सिटी सिटी आणि मग कबॅरस काउंटीतलं हॅरिसबर्ग, कॉनकॉर्ड. आग्नेयेला मॅथ्यूज, मिंट हिल आणि पलीकडे युनियन काउंटी, म्हणजे वेडिंग्टन, मार्विन, वॅक्सहॉ. दक्षिणेला राज्यच बदलतं. बॅलंटाइनमधून यूएस-५२१ने सरळ खाली गेलात की साउथ कॅरोलायनातलं इंडियन लँड, जरा पश्चिमेला फोर्ट मिल आणि टेगा के.

रस्त्यांच्या नावांबद्दल एक सांगून ठेवते, वेड लागायची पाळी येते. क्वीन्स रोडला क्वीन्स रोडच छेदतो. टायव्होला रोड सरळ जाता जाता फेअरव्ह्यू होतो आणि मग सार्डिस. शॅरन रोड, शॅरन लेन, शॅरन व्ह्यू, शॅरन अ‍ॅमिटी हे सगळे वेगवेगळे. सुरुवातीला फोनमधला नकाशा बंद करायचा नाही, बस.

पहिली गोष्ट, ऑफिसचा नेमका पत्ता मागून घ्या

ऑफर लेटरवर "शार्लट" लिहिलंय म्हणून अपटाउन धरून चालू नका. वेल्स फार्गोचा एक मोठा कॅम्पस युनिव्हर्सिटी भागात हॅरिस बुलवर्डला आहे. लोव्जचं मुख्यालय मूर्सव्हिलला पण टेक हब साउथ एंडला. एलपीएल फायनान्शियल तर फोर्ट मिलला, म्हणजे दुसऱ्या राज्यात. बॅलंटाइनमध्येही ऑफिसांचा मोठा पार्क आहे. युनिव्हर्सिटीतलं ऑफिस आणि वॅक्सहॉचं घर हे समीकरण कागदावर कितीही गोड दिसलं तरी रोज अख्खं शहर ओलांडायचं असतं हे लक्षात घ्या. मॅनेजरला सरळ विचारा, बिल्डिंग कुठली, आठवड्यात किती दिवस यायचं, आणि टीम हलवायचं काही चाललंय का. कन्सल्टन्सीतून येत असाल तर क्लायंट वर्षभरात बदलू शकतो, तेव्हा एकाच बिल्डिंगला चिकटून घर घेऊ नका, मधलं काहीतरी बघा. नवरा-बायको दोघं नोकरीवाले असतील तर दुसऱ्याचं ऑफिसही त्याच नकाशावर टाका, बहुतेक घरांत हे मागाहून आठवतं.

मग ट्रॅफिक, पण रविवारचं नाही

घर बघायला सगळे शनिवार-रविवारी जातात आणि म्हणतात, अरे वीस मिनिटांत तर पोचलो. मंगळवारी सकाळी सव्वासातला त्याच घरासमोरून निघून बघा. ते जमणार नसेल तर गूगल मॅप्सवर "साडेआठला पोचायचंय" असं टाकून मंगळवार, बुधवार आणि संध्याकाळचा परतीचा वेळ तिन्ही बघा, तो जो अंदाज देतो ना, किमान इतकी ते कमाल इतकी मिनिटं, त्यातला कमाल आकडा धरा.

वॅक्सहॉ-मार्विनकडून वर यायला मुख्य रस्ते दोनतीनच, प्रॉव्हिडन्स रोड आणि रे रोड धरून, आणि तिकडे घरं ज्या वेगाने उठली त्या वेगाने रस्ते काही रुंद झाले नाहीत. इंडियन लँडचं तेच, सगळा भार यूएस-५२१वर. सबडिव्हिजनच्या, म्हणजे घरांच्या कॉलनीच्या, तोंडाशी सिग्नल आहे की नुसता स्टॉप साइन हे मुद्दाम बघा. स्टॉप साइन असेल आणि तुम्हाला डावीकडे वळायचं असेल तर सकाळी तिथेच पाचसात मिनिटं जातात, समोरून गाड्यांची रांग तुटतच नाही, मागचा हॉर्न वाजवतो, आणि हे कुठल्याही लिस्टिंगमध्ये, म्हणजे घराच्या जाहिरातीत, लिहिलेलं नसतं.

उत्तरेला आय-७७वर २०१९ पासून टोलच्या एक्सप्रेस लेन आहेत, अपटाउनजवळून मूर्सव्हिलपर्यंत २६ मैल. टोल ठरलेला नसतो, गर्दीप्रमाणे वरखाली होतो. गाडीत तिघं असतील आणि योग्य ट्रान्सपाँडर (टोल मोजणारं यंत्र) लावून तसं आधी सेट केलं असेल तर फुकट, म्हणजे कारपूल जमत असेल तर हंटर्सव्हिलचं गणित एकदम बदलतं.

ट्रेन हवी असेल तर ब्लू लाइन ही एकच खरी लाइट रेल. २००७ मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये युनिव्हर्सिटीपर्यंत वाढवली, दक्षिणेला पाइनव्हिलजवळ आय-४८५च्या पार्किंगपासून साउथ एंड, अपटाउन, नोडा करत यूएनसी शार्लटच्या कॅम्पसमध्ये संपते. एकाच गाडीवर संसार चालवायचा असेल, आणि नव्या आलेल्यांना ते बरंच पडतं, तर या लाइनच्या स्टेशनपासून चालत जाता येईल असंच अपार्टमेंट बघा, बाकी शहरात गाडीशिवाय हाल आहेत. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या मतदारांनी ट्रान्झिटसाठी एक सेंट जादा सेल्स टॅक्स मंजूर केला, त्यातून लेक नॉर्मनकडे रेड लाइन वगैरे होणार आहे. पण "इथे ट्रेन येणार आहे" हे ऐकून आज जास्त पैसे मोजू नका. मॅथ्यूजवाल्यांना सिल्व्हर लाइनची आस होती, आताच्या प्लॅनमध्ये ती त्यांच्यापर्यंत येतच नाही.

पहिलं वर्ष भाड्याने राहा

यावर लोक हुज्जत घालतात, भाडं म्हणजे पाण्यात पैसे वगैरे. माझं मत पक्कं आहे, बाहेरून येणाऱ्याने पहिलं वर्ष भाड्यानेच राहावं, कारण दुरून डोंगर साजरे असतात आणि व्हिडिओ कॉलवर तर फारच साजरे. एका वर्षात एक उन्हाळा, मार्च-एप्रिलमधला पाइनच्या परागांचा पिवळा थर आणि त्याने होणाऱ्या शिंका, एखादं बर्फाच्या नुसत्या बातमीने शाळा बंद पडल्याचं नाटक, सगळं बघून होतं आणि ऑफिसमधलं आपलं बस्तानही कळतं. मुलं शाळेतली असतील तर लीज मे-जूनमध्ये संपेल अशी घ्या, बारा महिन्यांच्याच मागे लागू नका, बरीच कॉम्प्लेक्स नऊ ते पंधरा महिने कितीचीही देतात. आणि भाड्याचं घर शक्यतो ज्या शाळेच्या हद्दीत पुढे विकत घ्यायचा विचार आहे तिथेच घ्या, पोरांची शाळा दोनदा बदलायला नको.

शाळा, म्हणजे घोडं पेंड खातं ते इथे

शार्लट-मेक्लेनबर्ग स्कूल्स, ज्याला सगळे सीएमएस म्हणतात, हे काउंटीभर पसरलेलं एकच डिस्ट्रिक्ट आहे, एक लाख चाळीस हजारांच्या वर मुलं. शाळा पत्त्यावरून ठरते. डिस्ट्रिक्टच्या साइटवर घराचा पूर्ण पत्ता टाकला की प्राथमिक, मिडल, हाय तिन्ही शाळा दिसतात. झिलो या घरांच्या साइटवर दाखवलेल्या शाळेवर विश्वास ठेवू नका, ती चुकीची नाहीतर जुनी असू शकते. लिस्टिंगमध्ये एजंटने लिहिलेल्या शाळेवर त्याहून नको.

दुसरं, हद्दी बदलतात. आर्ड्री केल हायस्कूल हे बॅलंटाइनकडे लोक ज्याच्यासाठी घरं घ्यायचे ते नाव, पण तिथली गर्दी कमी करायला २०२४च्या ऑगस्टमध्ये बॅलंटाइन रिज हे नवीन हायस्कूल उघडलं आणि हद्दी नव्याने आखल्या गेल्या. स्टील क्रीककडे २०२२ मध्ये पॅलिसेड्स उघडलं तेव्हाही तेच. म्हणजे वाढत्या भागात मूल तिसरीत असताना घर घेतलंत तर ते नववीत जाईल तेव्हा तीच हायस्कूल असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आणखी एक भानगड, काही शाळा भरल्या की नवीन नावं घेणं बंद करतात आणि नंतर आलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेत पाठवतात, पत्ता हद्दीत असूनसुद्धा. फोर्ट मिलकडेही असं झालेलं आहे. म्हणून करारावर सही करायच्या आधी डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करून विचारा, आज माझं मूल या पत्त्यावरून या इयत्तेत घ्याल का. दोन मिनिटांचा फोन आहे.

रेटिंगबद्दल. नॉर्थ कॅरोलायना दर शाळेला ए ते एफ ग्रेड देतं, त्यातले ८० टक्के मार्क मुलांच्या परीक्षेतल्या गुणांचे आणि फक्त २० टक्के वर्षभरात मुलं किती पुढे गेली याचे. त्यामुळे ग्रेड बऱ्याच अंशी पालकांचं उत्पन्न मोजते. राज्याच्या रिपोर्ट कार्डवर ग्रोथ वेगळी दिलेली असते, ती बघा. बी ग्रेडची पण अपेक्षेपेक्षा जास्त ग्रोथवाली शाळा मला ए ग्रेडच्या सुस्त शाळेपेक्षा बरी वाटते, आणि घरही त्या हद्दीत स्वस्त मिळतं. शिवाय सीएमएसमध्ये मॅग्नेट, म्हणजे एखाद्या खास विषयावर भर देणाऱ्या, शाळांची लॉटरी असते, ती हिवाळ्यात उघडते, उन्हाळ्यात येणारे सगळे पहिल्या वर्षी ती हुकवतात, पुढच्या वर्षासाठी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

पोस्टल पत्त्याचा सापळा

हा वेगळा लिहायलाच हवा. टपालाच्या पत्त्यातलं गाव आणि खरं गाव यांचा काही संबंध असेलच असं नाही. सगळ्यात जास्त लोक फसतात ते झिप कोड २९७०७ला. लिस्टिंगवर लिहिलेलं असतं "फोर्ट मिल", मंडळी फोर्ट मिलच्या नावाजलेल्या शाळा डोक्यात ठेवून जातात, आणि घर असतं इंडियन लँडमध्ये, लँकेस्टर काउंटीत, म्हणजे फोर्ट मिल स्कूल डिस्ट्रिक्टशी त्याचा काडीचा संबंध नाही. खरं फोर्ट मिल यॉर्क काउंटीत आहे, २९७१५ आणि २९७०८. इंडियन लँड वाईट आहे असं मुळीच नाही, पण तुम्ही ज्याचे पैसे देताय ते ते नाही. तसंच "मॅथ्यूज" पत्त्याची २८१०४मधली घरं युनियन काउंटीत निघतात, तिथे उलट कधी कधी फायदाच होतो. डेव्हिडसनचा पत्ता तर तीन काउंट्यांत पसरलाय. काउंटी कुठली हे टॅक्स रेकॉर्डवरूनच बघायचं.

नॉर्थ की साउथ कॅरोलायना

"साउथला टॅक्स कमी" हे अर्धंच खरं आहे. इन्कम टॅक्स नॉर्थ कॅरोलायनात सरसकट एकच दर, २०२५ला ४.२५ टक्के, २०२६ला ३.९९. साउथ कॅरोलायनात वरचा दर २०२५ला ६ टक्के. आता तुम्ही राहता फोर्ट मिलला आणि काम करता अपटाउनमध्ये, तर नॉर्थ कॅरोलायना पगारातून आपला टॅक्स कापणार, वर्षाअखेर दोन्ही राज्यांत रिटर्न भरायचं, नॉर्थला भरलेल्याचं क्रेडिट साउथला मिळतं पण जास्तीचा फरक साउथला भरावाच लागतो. दोन्हींतलं जे जड ते तुमच्या वाट्याला, असं समजा.

प्रॉपर्टी टॅक्स मात्र तिकडे खरंच कमी, पण अट आहे. साउथ कॅरोलायनात मालक स्वतः राहत असेल तर घराच्या किमतीच्या ४ टक्क्यांवर आकारणी होते, आणि शाळा चालवायच्या खर्चाचा जो मोठा टॅक्स असतो तोही माफ. स्वतः राहत नसाल तर ६ टक्के आणि शाळेचा टॅक्सही लागू, एकूण बिल अडीच-तीन पट होऊ शकतं.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनी इथे दोन मिनिटं थांबा. समजा नोकरी गेली, किंवा ऑस्टिनला ट्रान्सफर झाली, किंवा आईवडिलांसाठी पुण्याला परत जायचं ठरलं, आणि मार्केट पडलेलं असल्याने घर विकण्याऐवजी भाड्याने द्यायचं मनात आलं. मेक्लेनबर्गमध्ये मालक राहतो की भाडेकरू यावर टॅक्सचा दर बदलत नाही. हद्दीपलीकडे ते घर ६ टक्क्यांत जातं आणि भाड्याचं गणित तिथेच कोसळतं. त्यात एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीच्या, नियमांत भाड्याने द्यायच्या घरांची मर्यादा असेल, आणि नव्या सबडिव्हिजनांत ती सर्रास असते, तर वेटिंग लिस्टवर बसा. म्हणून ग्रीन कार्डची रांग डोक्यावर असताना घर बघताना मी पहिला प्रश्न हाच विचारेन, हे घर मी नसताना कसं चालेल. ४ टक्क्यांसाठी व्हिसावाल्यांकडून कुठली कागदपत्रं लागतात तेही त्या काउंटीच्या असेसरला, म्हणजे टॅक्स आकारणीच्या अधिकाऱ्याला, आधीच ईमेल करून लेखी घ्या, शेजाऱ्याला मिळालं म्हणून आपल्याला मिळेल हे धरू नका.

मुलं मिडल स्कूलच्या पुढे असतील तर कॉलेजही यात येतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिल विद्यापीठात बाहेरच्या राज्यातल्या नव्या मुलांची संख्या १८ टक्क्यांवर अडवलेली आहे, आणि फीमधला फरक तर डोळे पांढरे करणारा. हद्दीपलीकडे दोन मैलांवर राहणारा मुलगा त्या हिशोबात बाहेरचाच.

मेक्लेनबर्गमध्ये काउंटी आणि शहर मिळून प्रॉपर्टी टॅक्स घराच्या किमतीच्या साधारण पाऊण टक्का पडतो. फेरमूल्यांकन २०२३ला झालं, पुढचं २०२७ला, तेव्हा विक्रेत्याच्या जुन्या बिलावर हिशोब करू नका.

पत्ता हातात आला की लॅपटॉप उघडा

मेक्लेनबर्गची पोलॅरिस नावाची फुकट नकाशाची साइट आहे, रिअल्टरही तीच वापरतात. पत्ता टाका, जमिनीचा तुकडा ठळक येतो, बाजूला मालक, मागच्या विक्रीच्या किमती, टॅक्स, झोनिंग सगळं. मग पूररेषेचा थर चालू करा. शार्लटला समुद्र नाही म्हणून पूर नाही असं वाटतं, पण इथे ओढ्यांचं जाळं आहे, मॅकअल्पाइन, ब्रायर, लिटल शुगर, मॅलर्ड, आणि उन्हाळ्यातल्या एका वादळी संध्याकाळी ते तासाभरात चढतात. काउंटी १९९९ पासून वारंवार बुडणारी घरं विकत घेऊन पाडतेय, चारशेच्या वर पाडून झालीत. ओढ्याकाठी वस्तीच्या मधोमध तोंडातला दात पडल्यासारखी मोकळी हिरवी जागा दिसली की समजायचं तिथे पूर्वी घर असणार. २०२४ला हेलीन वादळाच्या वेळी माउंटन आयलंड लेकजवळ रिव्हरसाइड ड्राइव्हची घरं पाण्यात गेली, ती कटॉबा नदीच्या पुराने. सरकारी पूरक्षेत्रात घर असेल तर कर्जासाठी पुराचा विमा सक्तीचा होतो, ती रक्कम मासिक हप्त्यात धरा.

त्याच नकाशावर मागची मोकळी झाडी कोणाची ते बघा. "वुडेड लॉट" म्हणून जादा पैसे घेतात आणि दोन वर्षांनी तिथे टाउनहोम्स उभी राहतात. काउंटीची किंवा ग्रीनवेची जमीन असेल तर ठीक, एखाद्या एलएलसीच्या (खाजगी कंपनीच्या) नावावर असेल तर झाडं जाणार असंच धरा. शिवाय जून २०२३ पासून शार्लट शहराच्या नव्या नियमांनी एकाच घराच्या प्लॉटवर डुप्लेक्स, ट्रिप्लेक्स बांधता येतं. शहराला घरं हवीच आहेत, त्यामुळे माझी तक्रार नाही, पण प्लाझा मिडवुडसारख्या जुन्या भागात शेजारचं बुटकं घर कायम तसंच राहील या हिशोबाने खिडकी निवडू नका.

विमानं. धावपट्ट्या मुख्यतः उत्तर-दक्षिण असल्यामुळे स्टील क्रीक बाजूला आणि उत्तरेला वायव्य भागात आवाज येतो, अजून एक धावपट्टी बांधली जातेय. संध्याकाळी अंगणात दहा मिनिटं गप्प उभं राहा, रिअल्टरलाही गप्प करा. मालगाडीचे रूळ जवळ असतील तर फाटकाशी भोंगा वाजतो, रात्री दोनलाही. आणि रात्री नऊला एक चक्कर मारा, रस्त्यावर किती गाड्या लावलेल्या आहेत, दिवे आहेत का, कुत्री फिरवणारी माणसं दिसतात का, हे सगळं दिवसा कळत नाही.

रिअल्टरला काय विचारायचं

आपली माणसं बिनधास्त विचारतात, इथे इंडियन्स किती, एरिया सेफ आहे ना. रिअल्टर गुळमुळीत काहीतरी बोलून विषय बदलतो आणि आपल्याला वाटतं काहीतरी लपवतोय. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने त्याला वंश, धर्म, मूळ देश यावरून गिऱ्हाइकाला कुठे वळवता येत नाही, म्हणून तो बोलत नाही. सुरक्षिततेचं स्वतः बघा, पोलिसांचे गुन्ह्यांचे नकाशे ऑनलाइन आहेत, त्यात गाडीची काच फोडणं आणि मारामारी वेगवेगळी मोजा. देसी किती हे किराणा दुकानात, नाहीतर गणपतीच्या आरतीला गेलं की कळतं. हिंदू सेंटर पूर्वेला सिटी व्ह्यू ड्राइव्हवर आहे, बॅलंटाइनहून अर्ध्या तासाच्या आसपास, आठवड्याला जाणारे असाल तर तेही नकाशावर टाका. आईवडील सहासहा महिने येणार असतील तर त्यांच्या दृष्टीने बघा, खालच्या मजल्यावर बेडरूम-बाथरूम आहे का, फुटपाथ आहे का, चालत कुठे जाता येतं का. बाबांना गाडी चालवता येत नाही आणि घराबाहेर पडलं की पाऊण मैल नुसती गॅरेजची दारं, यात ते तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. या बाबतीत जुनी मॅथ्यूजची बाजारपेठ किंवा बॅलंटाइनमधली दुकानांजवळची टाउनहोम्स मोठ्या घरांपेक्षा कितीतरी सरस.

घर दाखवायला नेण्याआधी रिअल्टर आता लेखी करारावर सही मागतो, २०२४च्या ऑगस्टपासून देशभर तसा नियम झालाय. मुदत सहा महिन्यांऐवजी एक महिना करून मागा, देतात.

ऑफर देताना

दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांना नॉर्थ कॅरोलायनातली ड्यू डिलिजन्स फी माहीत नसते. ऑफर मान्य झाली की ही रक्कम थेट विक्रेत्याच्या हातात जाते आणि तुम्ही कुठल्याही कारणाने माघार घेतलीत तर ती गेली, इन्स्पेक्शनमध्ये काहीही निघालं तरी. व्यवहार पूर्ण झाला तर किमतीतून वजा होते. अर्नेस्ट मनी, म्हणजे बयाणा, वेगळी, ती तिसऱ्याकडे जमा असते आणि ठरलेल्या तारखेआधी बाहेर पडलात तर परत मिळते. २०२१च्या तेजीत लोकांनी दहावीस हजार डॉलर फी नुसती घर अडवायला दिलीय. म्हणून वर सांगितलेली सगळी तपासणी ऑफरच्या आधी करा, ती फुकट आहे. नंतर वाळवीची तपासणी, क्रॉलस्पेस, म्हणजे घराखालची बुटकी पोकळी, असेल तर तिथली ओल, एसीचं वय आणि पाण्याचा उतार घराकडे आहे की घरापासून दूर एवढं तरी बघाच, इथली लाल माती पाणी पटकन शोषत नाही.

नवीन बांधकाम घेत असाल तर बिल्डरचं कॉन्ट्रॅक्ट वेगळं असतं, त्याच्या सेल्स ऑफिसमधली गोड बोलणारी व्यक्ती बिल्डरची माणूस आहे. एचओएचे कागद सही करायच्या आधी मागा, शंभर पानं असतात, भाड्याने देण्याचा नियम, गाडी रस्त्यावर लावायचा नियम आणि पुढच्या खर्चाची वर्गणी एवढी तीन पानं शोधून वाचा.

राहायला आल्यावर नॉर्थ कॅरोलायनात ६० दिवसांत लायसन्स बदलावं लागतं, साउथला गाडीची नोंदणी ४५ दिवसांत आणि लायसन्स ९० दिवसांत. साउथला घर घेतलं असेल तर हे दोन्ही लवकर उरका, कारण ४ टक्क्यांच्या अर्जाला असेसर तेच मागतो, आणि तो अर्ज वकील टाकत नाही, बिल्डर टाकत नाही, तुम्हालाच काउंटीकडे टाकावा लागतो.